साहेबाचे ओटे आणि सूर्यावरची पिवळी रेघ

देवगड तालुक्यात विजयदुर्ग नावाचा किल्ला आहे, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. त्या किल्ल्यावर हेलियम वायूचा शोध लागला, हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. किल्ल्यात काही ओटे आहेत, त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागले, नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण मांडली आणि त्याला सूर्यावर हेलियम सापडला, अशी ती हकीकत. गेली काही वर्षे १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. शाळांची मुले येतात, भाषणे होतात, पेपरात बातमी येते.

मी या भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा ही हकीकत मुळापासून वाचून काढायला घेतली. ग्रहणांचे जुने अहवाल हल्ली घरबसल्या वाचता येतात. रॉयल सोसायटीची इतिवृत्ते मिळतात, ‘नेचर’चे सुरुवातीचे अंक मिळतात. (ते नियतकालिक १८६९ मध्ये लॉकियरनेच काढले.) वाचून जे हाती आले ते असे: ग्रहण खरे, तारीख खरी, लॉकियर खरा, ओटेही खरे. फक्त हे चौघे एका जागी एका वेळी कधी भेटले नाहीत.

१८६८ च्या त्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडात होता. युद्धखात्यात कारकुनी करून उरल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहणारा हा माणूस. सूर्याच्या कडेला ज्या तांबड्या ज्वाला दिसतात त्या ग्रहणाशिवायही पाहता याव्यात, ही त्याची कल्पना. त्यासाठी त्याने एक वर्णपटदर्शक बनवायला दिला होता, पण कारागिरांनी तो वेळेवर दिला नाही. तो हातात पडला ऑक्टोबरात. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण होऊन दोन महिने उलटल्यावर, लॉकियरने इंग्लंडातूनच त्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांत एक पिवळी रेघ होती.

ग्रहणाच्या दिवशी विजयदुर्ग खग्रास पट्ट्यात होता, एवढे मात्र खरे. चंद्राची सावली एडनकडून समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्याला लागली आणि जमखिंडी, विजापूर करत पूर्वेला गुंटूर आणि मच्छलीपट्टणमकडे गेली. पण ऑगस्टातले कोकण! भर दुपारी दिवा लावून बसायची पाळी येते अशा दिवसांत सूर्य पाहायला कोण इथे येणार? फ्रान्सचा ज्यूल्स जान्सेन गुंटूरला गेला, इंग्रजांचा मेजर टेनंटही तिथेच. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणमला. लेफ्टनंट हर्शेल जमखिंडीला बसला आणि त्याला ढगांच्या फटीतून जेमतेम काही दिसले.

मग ओट्यांवरचा साहेब कोण? तोही लॉकियरच! पण तीस वर्षांनंतरचा. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास सूर्यग्रहण झाले आणि पुन्हा विजयदुर्ग पट्ट्यात आला. या वेळी हिवाळा होता, आभाळ निरभ्र. साठी ओलांडलेले सर नॉर्मन लॉकियर ‘मेल्पोमिनी’ या इंग्रजी युद्धनौकेच्या मदतीने इथे उतरले, किल्ल्यात छावणी पडली, यंत्रे मांडली गेली, आणि जहाजावरच्या खलाशांना शिकवून तयार करून त्यांच्याकडून निरीक्षणे करून घेतली. इंग्रजी अहवालात गावाचे नाव ‘विझियाद्रुग’ असे पडले आहे, त्यामुळे शोधणाऱ्याला ते पटकन सापडत नाही. यंत्राला हादरा बसू नये म्हणून पक्का ओटा लागतो. साहेबाचे ओटे या छावणीचे.

आणि १८९८ साली हेलियम शोधायचा राहिलेलाच नव्हता. तीन वर्षे आधी, मार्च १८९५ मध्ये, लंडनमध्ये विल्यम रॅम्झीने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून तो बाहेर काढून काचेच्या नळीत भरला होता.

अशी ही गंमत. तारीख एका ग्रहणाची, ओटे दुसऱ्या ग्रहणाचे, आणि मधला साहेब दोन्हींना सामाईक. दोन गोष्टी सांगता सांगता एक झाली. कुणी मुद्दाम खोटे रचले असे मला वाटत नाही. जी गोष्ट दोन तुकड्यांत आहे तिच्यापेक्षा अखंड गोष्ट सांगायला सोपी जाते, इतकेच.

हे सगळे मी नाक्यावर बोलून दाखवले तेव्हा आमचे एक आंबा बागायतदार मित्र भडकले. “गुरुजी, सगळो गाव म्हणता, पेपरात येता, पोरांच्या पुस्तकात येता. मग ता खोटा कसा?” मी म्हटले, साहेब त्या दिवशी इथे नव्हताच. ते म्हणाले, “तुमी बघूक गेल्लास?”

वरवर हा उडवून लावायचा प्रश्न वाटतो. पण तसे नाही. १८६८ साली लॉकियर कुठे होता हे मी पाहिलेले नाही. मीही कुणाच्या तरी लिहिण्यावर विसंबतो, तेही कुणाच्या तरी सांगण्यावर विसंबतात. त्यांच्या पाठीशी एक समाज आहे, कोकणातला. माझ्या पाठीशी दुसरा आहे, अहवाल लिहिणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांचा. मग एकाचे म्हणणे सत्य आणि दुसऱ्याची समजूत, हे कुणी ठरवायचे? अमेरिकेत रिचर्ड रॉर्टी (१९३१–२००७) नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांचा रोख साधारण असा होता की आपल्या बोलण्याच्या आणि समजुतींच्या बाहेर उभे राहून त्या जगाशी ताडून पाहायची सोय माणसाला नाही. एका समजुतीशी दुसरी समजूत ताडता येते, बस्स. तेव्हा ‘वस्तुनिष्ठ सत्य’ वगैरेचा सोस सोडावा आणि आपल्या समाजात जास्तीत जास्त एकमत कसे होईल ते पाहावे. माझ्या बागायतदार मित्राने रॉर्टी वाचलेला नाही, पण त्याचा वकील म्हणून रॉर्टी शोभला असता.

मला हे पटत नाही. का पटत नाही ते त्या पिवळ्या रेघेच्याच गोष्टीतून सांगतो, कारण त्या गोष्टीत समाजाने काय मानावे आणि काय असावे यांची फारकत जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचित दिसते.

आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत भगभगीत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. १८५९ मध्ये हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी दाखवून दिले की तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून पाहिला तर प्रत्येक मूलद्रव्याच्या ठराविक जागी ठराविक रेषा उमटतात. रेषांचा हा पट म्हणजे त्या मूलद्रव्याचा सातबाराच, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी शेजारी शेजारी असतात, त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. १८६८ च्या ग्रहणात बऱ्याच जणांना सूर्याच्या ज्वालांमध्ये पिवळी रेघ दिसली. आणि बहुतेकांनी काय लिहिले? ‘डी’, म्हणजे सोडियम. पिवळे दिसले की सोडियम, ही त्यांच्या समाजाची समजूत होती आणि ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांत बारकाईने मोजायला सवड नव्हती.

लॉकियरला ग्रहणाची घाई नव्हती. रोज सूर्य उगवे, रोज तो पाही. त्याने मोजले, तर ही रेघ सोडियमच्या दोन्ही रेषांपासून थोडी बाजूला पडत होती. तिला डी-३ नाव मिळाले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबांखाली पेटवून पाहिला, पण ती रेघ काही येईना. तेव्हा हे नवे मूलद्रव्य असले पाहिजे आणि ते सूर्यावर आहे, असे अनुमान निघाले. ‘हेलियम’ हे नाव १८७१ पर्यंत छापूनही आले.

रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतले नाही. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. जे कुणी हातात धरलेले नाही, ज्याचे वजन नाही, ज्याचा कशाशी संयोग होत नाही, त्याला फक्त एका रेघेवरून मूलद्रव्य कसे म्हणायचे? मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची जी सारणी मांडली तिच्यात अशा पदार्थाला जागाही नव्हती. खुद्द फ्रँकलंड सावध होता. पुढची सत्तावीस वर्षे हेलियम म्हणजे लॉकियरचे वेड, असेच बऱ्याच शहाण्या माणसांचे मत होते. १८९४ मध्ये रॅम्झी आणि रॅली यांना हवेत आर्गॉन सापडला. आणखी आर्गॉन कुठे मिळतो ते पाहताना रॅम्झी क्लेव्हाइटकडे वळला आणि नळीत पिवळी रेघ चमकली. त्याने नळी विल्यम क्रूक्सकडे तपासायला पाठवली. क्रूक्सने मोजले. डी-३.

आता या सत्तावीस वर्षांत हेलियम होता की नव्हता? सत्य समाजाच्या मान्यतेवर ठरत असेल तर १८९५ च्या आधी ‘सूर्यावर हेलियम आहे’ हे खोटे होते आणि क्रूक्सच्या मोजमापानंतर ते खरे झाले, असे म्हणावे लागेल. म्हणजे सूर्याने लंडनमधल्या एका नळीची वाट पाहिली. हे हास्यास्पद आहे हे सांगायला तत्त्वज्ञान शिकावे लागत नाही. बदलले ते रसायनशास्त्रज्ञांचे मन. सूर्य होता तसाच होता.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार सोयीची झाली असती: एकटा लॉकियर बरोबर, सगळा समाज चूक. पण हीच मंडळी, हीच पद्धत, आणि दुसरी एक रेघ.

७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत खग्रास ग्रहण झाले. चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना सूर्याच्या किरीटात, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती जी मोतिया प्रभा दिसते तिच्यात, एक हिरवी रेघ दिसली. तीही कुठल्या ज्ञात पदार्थाच्या सातबारावर बसेना. तेव्हा हेलियमसारखेच हेही नवे मूलद्रव्य, असे ठरले. त्याचे नाव ‘कोरोनियम’. हेलियम खरा निघाल्यावर तर कोरोनियमवर कुणी फारशी शंकाही घेईना. मेंडेलीव्हने हेलियमच्या वेळी जागा नाही म्हटले, तर कोरोनियमसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हायड्रोजनच्याही आधी जागा काढायला तो तयार झाला. पाठ्यपुस्तकांत कोरोनियम आला. जवळजवळ सत्तर वर्षे जगातल्या उत्तमोत्तम खगोलशास्त्रज्ञांच्या समाजात कोरोनियम होता.

पण सूर्यावर तो कधीच नव्हता. १९३९ पासूनच्या काही वर्षांत जर्मनीचा ग्रोट्रियान आणि स्वीडनचा एडलेन यांनी उलगडून दाखवले की ती हिरवी रेघ लोखंडाची आहे. आपल्या तव्यातल्या, विळ्याकोयत्यातल्या लोखंडाची. फक्त त्या लोखंडाने आपल्या सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी तेरा गमावलेले असतात आणि तसे व्हायला दहा लाख अंशांच्या घरात तापमान लागते. किरीट इतका तापलेला असेल असे त्याआधी कुणाच्या मनातही नव्हते.

विजयदुर्गचा खरा वाटा या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि आमच्याकडे तो कुणी सांगत नाही. कोरोनियमची हिरवी रेघ वर्णपटात नेमकी कुठे पडते, याची एक जागा सुरुवातीलाच ठरली होती आणि जवळजवळ तीस वर्षे सगळे तीच धरून चालले होते. १८९८ च्या ग्रहणात विजयदुर्गला लॉकियरच्या छावणीने आणि जेऊरला (सोलापूर जिल्ह्यातले करमाळ्याजवळचे जेऊर) अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेलने जी छायाचित्रे घेतली, त्यांवरून ती जागा चुकीची असल्याचे दिसून आले. रेघ बरीच सरकवावी लागली. पुढे एडलेनने जिचा हिशेब जुळवला ती याच सरकवलेल्या जागेवरची रेघ. जुनी जागा तशीच राहिली असती तर त्याचे गणित जुळले नसते. आमच्या किल्ल्यावर एका मूलद्रव्याचा जन्म झाला नाही, पण एका न जन्मलेल्या मूलद्रव्याच्या मरणाला थोडा हातभार लागला. भाषणात हे सांगायला अवघड आहे, मान्य.

एकच समाज, एकच पद्धत. हेलियमला नाही म्हणाला तेव्हा चुकला, कोरोनियमला हो म्हणाला तेव्हाही चुकला. दोन्ही वेळा चूक उघडी पडली ती आणखी माणसे फिरली म्हणून नव्हे, रेघेने ऐकले नाही म्हणून. मग माझ्यामागचा समाज आणि बागायतदारांमागचा समाज यांत फरक कुठे उरतो? माझ्या मते इथेच. वर्णपट पाहणाऱ्यांनी आपल्या समाजात अशी एक जागा ठेवली आहे की जिथे माणसाचे मत चालत नाही, मोजपट्टी चालते, आणि ती मोजपट्टी परक्याच्या हातातही तेच सांगते. आमच्या हेलियम दिनाच्या मंडपात ती जागा नाही.

तरी एक गोष्ट माझ्या मित्राच्या बाजूने कबूल करायला हवी. समाजाने मानले म्हणूनच खऱ्या ठरणाऱ्या गोष्टी असतात, आणि त्या क्षुल्लक नसतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा घ्या. ती तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल घेतला जातो, आंगणे मंडळी तारीख जाहीर करतात, आणि मुंबईपासून कोकणी माणूस रेल्वेचे रिझर्व्हेशन शोधू लागतो. ‘यंदाची जत्रा अमक्या तारखेला आहे’ हे वाक्य त्या जाहीर होण्याने खरे होते. कुणी खगोलशास्त्रज्ञ येऊन ‘तुमची तारीख चुकली’ म्हणू शकत नाही, कारण त्या तारखेला गावाबाहेर दुसरा आधारच नाही. नोटेची किंमत, गावाची शीव, लग्न झाले की नाही, कोण सरपंच, ही सगळी त्याच जातीची सत्ये. ‘साहेबाचे ओटे’ हे नावही तसेच. गाव त्यांना साहेबाचे ओटे म्हणतो म्हणून ते साहेबाचे ओटे आहेत. आणि १८ ऑगस्ट हा हेलियम दिन आहे, कारण लोकांनी तो पाळायचे ठरवले. यात खोटे काही नाही.

घोटाळा होतो तो पुढच्या पायरीला. जत्रेची तारीख ठरवायचा अधिकार आहे, म्हणून ग्रहणाची तारीखही आपणच ठरवू, असे कुणी म्हणत नाही. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोण कुठे उभा होता, हे ठरवायचा अधिकार आपल्याला आहे असे मात्र आपण सर्रास धरून चालतो. भूतकाळ आपल्या गावात घडला म्हणून तो आपल्या मालकीचा वाटतो.

आपल्या जुन्या पंडितांना हे चांगले माहीत होते. ज्ञानाची साधने कोणती यावर त्यांचे शतकानुशतके वाद चालले. डोळ्यांनी पाहिलेले, अनुमानाने काढलेले, विश्वासू माणसाने सांगितलेले, अशी ती साधने. पौराणिकांनी त्यांत आणखी एक घातले, ‘ऐतिह्य’. म्हणजे मूळ सांगणारा कोण हे ठाऊक नाही, पण पिढ्यान् पिढ्या लोक सांगत आले आहेत असे ज्ञान. त्याचे ठरलेले उदाहरण फार गोड आहे: या वडावर यक्ष राहतो. (आमच्याकडे वडाची पाळी क्वचित येते, चिंच असते, आणि यक्षाच्या जागी देवचार.) नैयायिकांनी यावर निवाडा दिला की ऐतिह्य हे वेगळे साधन नाही. मूळ सांगणाऱ्याने स्वतः पाहिले असेल आणि तो खरे बोलणारा असेल तर ते शब्दप्रमाणातच, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यातच, आले. आणि सांगणाराच सापडत नसेल तर किती जण सांगतात याने त्याला बळ येत नाही. शंभर जणांनी एकाच अज्ञाताकडून ऐकले तर साक्षीदार शंभर होत नाहीत. हेलियमची आमची गोष्ट ऐतिह्य आहे. पेपरवाल्याने पुस्तकातून घेतली, पुस्तकवाल्याने पेपरातून घेतली, आणि दोघांचा मिळून एक वड झाला.

हा रोग फक्त गावाला लागतो असेही नाही. मोठमोठ्या संदर्भग्रंथांतून ‘जान्सेनने १८६८ मध्ये गुंटूरला हेलियम शोधला’ असे वाक्य बिनदिक्कत छापलेले असते, आणि त्यासाठी फ्रान्सने जान्सेन आणि लॉकियर या दोघांचे चेहरे असलेले पदक पाडले याचा दाखला दिला जातो. पदक खरे आहे. पण ते हेलियमबद्दल नव्हे, ग्रहणाशिवाय सूर्याच्या ज्वाला पाहण्याच्या युक्तीबद्दल. ग्रहणाच्या दिवशीच जान्सेनला ती युक्ती सुचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती करून पाहिली. त्याचे पत्र आणि लॉकियरचे पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचले. हेलियमची गोष्ट पुढे मोठी झाली तशी ती मागे जाऊन या पदकाला चिकटली. तेव्हा गुंटूरवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये.

आणि लोक पिढ्यान् पिढ्या सांगतात ते खोटेच असते, असा उलटा नियमही नाही. विजयदुर्गाविषयी दुसरी एक आख्यायिका आहे: समुद्रात पाण्याखाली भिंत आहे आणि शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत. शिकलेली माणसे ऐकून हसत. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे खाली उतरले आणि त्यांना किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी बांधकाम आढळले. जहाजे खरेच आपटत होती का हा वेगळा विषय, पण भिंतीच्या बाबतीत म्हातारी माणसे बरोबर होती. ती बरोबर होती, कारण खाली भिंत होती.

हे सगळे मी मित्राला तुकड्यातुकड्यांनी सांगत गेलो. चहा होत राहिला. कोरोनियमपाशी ते कंटाळले, यक्षापाशी खुलले, पण हेलियम सोडायला तयार होईनात. “तुमका ह्यात काय मिळतला?” हा त्यांचा शेवटचा मुद्दा. म्हणून मी नेगमवालांचे नाव काढले.

कावसजी दादाभाई नेगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक होते. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी दिलेल्या पैशातून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली, वीस इंची दुर्बीण आणली. त्या काळात लॉकियरचा एक लाडका सिद्धांत होता की आकाशातले तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेघ ही मॅग्नेशियमची. ती मॅग्नेशियमची असती तर एका बाजूला पुसट होत जायला हवी होती. नेगमवालांनी पुण्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला. रेघ दोन्ही बाजूंनी धारदार दिसली. १८९१ मध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळवले. राज्य साहेबाचे, नियतकालिके साहेबाची, सिद्धांत मांडणारा साहेब त्या काळी जगात गाजलेला, आणि खोडून काढणारा पुण्याचा एक पारशी मास्तर. रेघ मास्तराच्या बाजूने होती. (ती मुळात कशाची हे १९२७ मध्ये कळले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.) २२ जानेवारी १८९८ रोजी नेगमवाला आपली तुकडी घेऊन जेऊरला होते. विजयदुर्गावरून लॉकियरला अंधारात टाकून निघालेली सावली काही मिनिटांत त्यांच्यावरून गेली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

मित्र खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे आपल्या माणसान साहेबाक खोटो पाडल्यान? ह्याच साहेबाक?”

“ह्याच.”

“मग ह्या आधी सांगूचा नाय काय!” त्यांनी लगेच समोरच्या टेबलावर बसलेल्या दोघांना हाक मारून नेगमवालांची गोष्ट ऐकवली, माझ्यापेक्षा रंगवून. त्यांच्या सांगण्यात नेगमवाला १८९८ साली विजयदुर्गावरच होते आणि लॉकियरला त्याच्या ओट्यावरच गप्प केले होते. मी मध्येच “जेऊरला, जेऊरला” म्हणत होतो. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.